त्याला ठाऊक असलेली शेवटची कुस्ती

रविवारच्या मोठ्या इव्हेंटआधीचा टीव्हीवरचा रेसलिंग शो आज पाहिला, मंडळी. थोडक्यात सांगायचं तर रटाळ. नुसती माईकवर बडबड, आणि एकही कुस्ती निकाली नाही.

शेवटी म्हातारा चॅम्पियन रिंगमध्ये आला. रविवारी माझी शेवटची लढत, म्हणाला. प्रेक्षक रडत होते. मला ते सगळं नाटक वाटलं.

माझे वडील, आबा, मागं खाटेवर होते. तासगाव भागातल्या जत्रांत त्यांनी लय कुस्त्या मारल्या. एका फडात गुडघा गेला आणि सगळं थांबलं. एरवी ते या शोला खोटं म्हणतात आणि कूस बदलून झोपतात. आज उठून बसले होते.

“निकाल आधीच ठरलेला असतोय न्हवं?”

“व्हय, आबा.”

“मंजी ही शेवटची, हे त्याला ठावं हाय.” आबांनी गुडघ्यावरून हात फिरवला. “मला कुठं ठावं हुतं रं. लंगडत घरी आलो, आन पुढच्या जत्रंला लागंल म्हणून लंगोट धुऊन वाळत घातला.”

मी टीव्ही बंद केला. शोला किती स्टार द्यायचे, आज सुचत नाही. तुमच्यापैकी कुणाला आपला शेवटचा डाव खेळताना कळलं होतं का, की हा शेवटचा?