वाट विचारणारा नसीर

रस्ता माहीत असला तरी नसीर तो विचारायचाच. अमरावतीहून परतवाड्याला जाणारा रस्ता त्याच्या हाडामासात मुरलेला होता, तरीही मध्येच मोटरसायकल थांबवून बाजेवर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला तो हाक मारणार, "मामा, परतवाडा इकडूनच ना?" मामा उठून हात लांब करून दिशा दाखवत, मग तुम्ही कुठले, यंदा कपाशी कशी आहे, पोरीचं लग्न झालं का, असं करत करत थोड्याच वेळात आम्ही त्यांच्या बाजेवर चहा पीत बसलेलो असू. मी वैतागलो की नसीर म्हणायचा, "रस्ता तर बोर्डावरबी लिवला आहे, राऊत. पण बोर्ड चहा पाजते काय बे?"

आमची ओळखही अशीच झाली. मी तेव्हा अकोल्याला एका सरकारी कचेरीत नुकताच लागलो होतो. रविवारी खोलीवर करमेना म्हणून एकटाच नरनाळा किल्ल्यावर गेलो. पहिला दरवाजा ओलांडला तर एक उंच, हडकुळा माणूस पाठीवर भलंमोठं पोतं घेऊन समोर उभा. "भाऊ, वरचा तलाव कोणीकडं?" मी किल्ला पहिल्यांदाच पाहत होतो, पण माहीत नाही म्हणायची लाज वाटली. डावीकडे बोट केलं आणि मीही त्याच वाटेला लागलो. काटे-कुसळं तुडवत आम्ही पुष्कळ वेळ भटकलो आणि शेवटी एका मोडक्या कमानीपाशी पोचलो. तिथून पुढे वाटच नव्हती. खाली सगळं जंगल पसरलं होतं. तो पोतं उतरवून शांतपणे म्हणाला, "तलाव उजवीकडं आहे. मी लय वेळा आलो इथं."

"मग माझ्यामागे कशाला आलात?"

"तुमी इतक्या भरोशानं सांगतलं, म्हटलं पाहू ना काय होते ते! ही कमान मी कवाच पाह्यली नव्हती." मग त्याने पोत्यातून स्टोव्ह काढला.

"पाहू ना काय होते ते" हे त्याचं लाडकं वाक्य. पुढे वीसेक वर्षं त्या वाक्याने मला कुठे कुठे नेलं! गाविलगडाच्या बुरुजांवर, मेळघाटाच्या कडेकडेने, एकदा तर थेट हिमालयातल्या एका खिंडीत. तिथे त्याने स्वतः शिवलेल्या, वऱ्हाडी कापूस ठासून भरलेल्या दोन झोपायच्या पिशव्या वाहून नेताना खेचर मटकन खालीच बसलं. खेचरवाल्याने आत काय आहे विचारलं, तर नसीर म्हणाला, "अर्धी अमरावती."

शिवणं हा त्याचा धंदा. अमरावतीत त्याचं गाड्यांच्या सीटना रेक्झिनची कव्हरं शिवायचं दुकान होतं. आमचे तंबू, पाठपिशव्या, पावसाळी टोप्या, सगळं त्याच मशीनवर जन्माला आलं. पिशवीला तो इतके कप्पे शिवायचा, की साखर सापडेपर्यंत चहाचं पाणी आटून जायचं. दुकान सांभाळायचा धाकटा भाऊ युसूफ. आम्ही निघालो की तो कपाळावर हात मारून म्हणायचा, "भाईजान, गिऱ्हाईक काय डोंगरात येणार आहे?" नसीर किक मारता मारता ओरडायचा, "आलं त थांबवून घे!"

मी स्वभावाने भित्रा. घरून निघताना दोन वेळा कुलूप ओढून पाहणारा. नसीर मात्र कुठल्याही कड्याच्या टोकाला जाऊन पाय सोडून बसणार. नमाजची वेळ झाली की एखादा सपाट दगड हुडकून चादर अंथरणार, आणि तेवढ्या वेळात निखाऱ्यांवरचे रोडगे जळू न देणं हे माझं काम. ह्या माणसाला भीती नावाची चीजच माहीत नाही, अशी माझी पक्की खात्री होती.

ती खात्री तापी नदीत बुडाली.

कल्पना त्याचीच. ट्रकच्या ट्यूबांवर बांबू बांधायचे, त्यावर रेक्झिन ताणायचं आणि बऱ्हाणपूरच्या वरच्या अंगाने तापीतून तीन-चार दिवस वाहत जायचं. मी लगेच हो म्हटलं, कारण पाण्याची मला भीती नाही. मी मूळचा शेंदूरजनाघाटचा. संत्र्याच्या बागेतल्या आमच्या विहिरीत मी चालायच्या बरोबरीनेच पोहायला शिकलो.

हिवाळ्याचे दिवस होते. पहिला दिवस राजेशाही थाटात गेला. काठावरच्या बाया धुणं थांबवून आमच्याकडे पाहायच्या आणि नसीर त्यांना विचारायचा, "बाई, बऱ्हाणपूर इकडूनच ना?" नदीत वाट विचारणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नसावा. त्या पोट धरधरून हसायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका वळणावर पाण्याखालच्या झाडाच्या फांदीत तराफा अडकला. रेक्झिन टरकन फाटलं, एक बाजू उचलली गेली आणि आम्ही दोघेही डोहात. मी वर आलो तो हसतच. पाहतो तर नसीरची टोपी एकटीच तरंगत चाललेली. मग हात दिसला. तो पाण्यावर आपटत होता, आणि पोहणाऱ्याचा हात तसा आपटत नाही. मी सूर मारला, चाचपडत त्याची कॉलर सापडली, मागून धरून त्याला काठाकडे ओढत आणलं. त्याने आधी पाणी ओकलं, मग खोकला, मग आकाशाकडे पाहत पडून राहिला.

"नसीर, तुले पोहता येत नाही?"

"नाही ना."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं त तू आला असता काय?"

"अन् तू कोणाच्या भरोशावर आला बे?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अगदीच सोपं विचारलं होतं. "तुले येते ना," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. रागापेक्षा धास्तीच जास्त होती. आजवर एवढा भरवसा कुणी माझ्यावर टाकला नव्हता, घरच्यांनीसुद्धा नाही. त्याने एकट्याने गोवऱ्या पेटवल्या, रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली आणि ताट माझ्यासमोर सरकवून हळूच म्हणाला, "मीठ जास्त झालं. नदीचं लय पाणी पेलो, चवच समजून नाही राहिली." मला हसू आवरलं नाही. तिथेच अबोला संपला.

पण मी अट घातली. त्या उन्हाळ्यात त्याला आमच्या विहिरीवर नेलं. पन्नाशी ओलांडलेला, दाढी पिकलेला हा बाप्या पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत उतरला, तेव्हा बागेतल्या मजूर बायकांनी कामं सोडून कठड्याला गर्दी केली. "हसा," तो खालून ओरडला, "पण बुडलो त सांगजा याले!" महिना संपायच्या आत तो डबा सोडून पोहायला लागला. पुढच्या हिवाळ्यात आम्ही तापीचा राहिलेला पट्टा पुरा केला. त्या डोहापाशी आल्यावर त्याने मला न विचारता उडी मारली आणि एकटा पलीकडे गेला. तिथून दोन्ही हात वर करून काय नाचला तो!

मागच्या वर्षी त्याच्या हृदयाचं दुखणं निघालं. मी अकोल्याहून भेटायला गेलो. दवाखान्यात उशाशी बसलो, तर हा नर्मदेचा बेत सांगायला लागला. मी म्हटलं, "डॉक्टरांनी पायऱ्यासुद्धा चढायच्या नाहीत म्हणून सांगितलं ना?"

"नदीले कुठं पायऱ्या असतात बे?"

आम्ही एवढ्याने हसलो की सिस्टर येऊन दोघांवरही ओरडली.

दोन महिन्यांनी युसूफचा फोन आला. मी पोचलो तेव्हा जनाजा निघत होता. कब्रस्तान गावाबाहेर, जरा चढावर. युसूफने मला पुढे घेतलं आणि मी खांदा दिला. लोक पुढे येत होते, चार पावलं चालून दुसऱ्याला जागा देत होते. प्रत्येकाला वाटा मिळावा म्हणून तशी रीत असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कुणीतरी मागून माझ्या खांद्याला हात लावून जागा मागितली. मला कळलंच नाही. त्याने पुन्हा हात लावला.

पलीकडच्या बाजूने चालणाऱ्या युसूफने मान वळवून पाहिलं.

"उनको रहने दो," तो म्हणाला. "वो भाईजान के साथ के हैं."

तो चढ मी तसाच चढलो.