एल्बियाच्या ओट्यावरचे दोन चरे

चरा दिसला की माझ्या नवऱ्याला, दार्दोला, राहवत नाही. कुणाकडे माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, प्यायला गेलो, की बाकीची माणसं एकमेकांची खुशाली विचारतात आणि हा मान तिरपी करून स्वयंपाकघराचा ओटा न्याहाळत बसतो. आमच्या साल्तो गावातल्या निम्म्या फॉर्मायकाच्या ओट्यांवरून याचा हात फिरलाय. साबणानं पुसायचं, दोन्ही कडांना चिकटपट्टी लावायची, काचेवर रंगीत लांबीचा लगदा कालवून तो चऱ्यात दाबायचा आणि वर उरलेला खरवडून काढायचा. सांगायला सोपं आहे. पण रंग जुळवायला हा सकाळपासून खिडकीशी बसतो आणि मधे काही विचारलं तर खेकसतो. माझे डोळे कुठल्या रंगाचे आहेत हे त्याला विचारा, सांगता यायचं नाही.

गेल्या महिन्यात समोरची एल्बिया बहिणीकडे मोंतेविदेओला गेली होती. तिचा नवरा विल्मार एवढा आळशी, की फळी न घेता त्यानं थेट ओट्यावर खारवलेल्या मांसाची सलामी कापली. चांगला वीतभर चरा पडला. तो धापा टाकत आमच्याकडे आला.

"दार्दो, ती यायच्या आत काहीतरी कर बाबा. नाहीतर मला अंगणात झोपावं लागेल."

दार्दोनं तो चरा असा बुजवला, की नंतर विल्मारलाच जागा सापडेना. तिथंच थांबावं की नाही? पण ओट्याच्या कडेला याला आणखी दोन चरे दिसले, आखूड, जुने, एकमेकांपासून अंगठ्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर. यानं तेही बुजवले, फुकटात, आणि वर घरी येऊन मिरवलं.

एल्बिया अठ्ठावीस तारखेला परतली. दर महिन्याच्या एकोणतीसला आमच्याकडे घरोघरी न्योकी असतात. बटाट्याच्या कणकेच्या लांब वळ्या करायच्या आणि त्यांचे तुकडे पाडायचे. एल्बियाचे तुकडे म्हणजे एक दुसऱ्याहून जराही लहानमोठा नाही. मुलं, सुना, नातवंडं सगळी त्या दिवशी तिच्याकडेच जेवतात, आणि आम्हीही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिची हाक आली, "दार्दो, आधी इकडे ये." मजा बघायला मीही गेले.

ओट्यावर वळ्या तयार होत्या. एल्बिया पिठाच्या बोटांनी कड चाचपत होती.

"माझ्या दोन खुणा कुठे गेल्या?"

"म्हटलं, तू येईपर्यंत ओटा चकचकीत करून घ्यावा," विल्मार कोपऱ्यातून म्हणाला.

"ते चरे होते, एल्बियाबाई," दार्दो ऐटीत म्हणाला. "बघा, आता दिसतात का कुठे?"

"मला काहीच धड दिसत नाही रे."

ती कणकेकडे तोंड करूनच म्हणाली, "वर्षभर झालं, सगळं धुरकट दिसतंय. पोरांना कळलं तर हातातली सुरी काढून घेतील. वळीचं टोक एका खुणेशी लावायचं, दुसरी नखानं चाचपायची आणि तिथं कापायचं. एवढ्यावर चाललं होतं माझं."

मजा बघायला आल्याची लाज वाटली.

"मी देतो परत करून," दार्दो म्हणाला आणि त्यानं सुरी उचलली. पण हात खाली जाईना. जन्मभर चरे बुजवणारा माणूस तो, घामाघूम झाला.

"आण इकडे," मी म्हटलं. "घरचा ओटा मीच खराब करते ना?"

"तू गप्प बस गं." एल्बियानं अंगठा ओट्यावर टेकवला. "याच्या अलीकडे एक, पलीकडे एक. अंगठा माझा आहे, तेव्हा थरथरू नकोस."

त्यानं दोन चरे पाडले, फुंकर मारली, मान तिरपी केली. "दुसरा किंचित वाकडा आलाय. बुजवून परत करू?"

"हात तर लावून बघ."

"सोमवारी डॉक्टरांकडे जायचं," विल्मार हळूच म्हणाला.

"जाऊ. पोरं यायच्या आत आधी हे उरकू दे."

सुरी चालायला लागली आणि भराभर तुकडे पडले, सगळे सारखे. शेवटची वळी संपल्यावर तिनं तळव्यानं ओट्यावरचं पीठ गोळा केलं. मधेच तिचा हात थांबला. दार्दोनं सगळ्यात सुरेख बुजवलेल्या जागेवरून तिचं नख एकदा पुढं गेलं, एकदा मागं आलं.

"विल्मार," ती म्हणाली, "इथं काय कापलंस?"

विल्मारनं दार्दोकडे पाहिलं. दार्दोनं छताकडे.

"सलामी," विल्मार म्हणाला.