डाव्या हाताचा चाकू

निघायच्या दिवशी बाबा स्टेशनवर आले नाहीत. भोपाळच्या नेहरू नगरमधल्या आमच्या घराच्या फाटकापर्यंत आले, मोठी बॅग रिक्षात चढवली, तिचा पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि म्हणाले, "कारखान्यात अर्जंट काम आहे. पोचलीस की फोन कर." मग स्कूटरला किक मारून गोविंदपुऱ्याच्या दिशेने निघूनही गेले. मी दिल्लीहून जपानचं विमान पकडणार होते, एकुलती एक मुलगी होते, आणि ह्या माणसाला नेमकं त्याच दिवशी लाकूड तासायचं होतं! प्लॅटफॉर्मवर आई एकटी उभी होती. हातात पुऱ्यांचा डबा, तोंडाने अखंड सूचना. गाडी हलली तेव्हा मी तिला हात केला, पण माझे डोळे तिच्या मागून कुणी धावत येतंय का तेच बघत होते. कुणी आलं नाही. बीना स्टेशन येईपर्यंत मी रडत होते आणि पुढे झाशीपर्यंत चिडलेली होते. चिडणं मला रडण्यापेक्षा सोपं जातं.

बाबा पॅटर्नमेकर. हा शब्द भोपाळातही फारसा कुणाला कळत नाही, म्हणून सांगते. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात घडवावा लागतो. त्याचा ठसा वाळूत घेतात आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड सोडतात. ते लाकूड घडवणारा तो पॅटर्नमेकर. माझ्या जन्माआधी सांगलीहून नोकरीसाठी आलेले बाबा पुढे लईक चाचांच्या भागीदारीत स्वतःची छोटी शेड टाकून बसले. मी इंजिनिअर झाले तेव्हा ते एकदाच म्हणाले होते, "शेडमध्ये तुझ्या कॉम्प्युटरला जागा करून ठेवली आहे." मी ती जागा बघायलाही गेले नाही. जपानमधल्या एका कंपनीत प्लास्टिकच्या साच्यांची ड्रॉइंग करायची नोकरी मिळाली होती आणि माझे पाय जमिनीवर नव्हते. म्हणून वळून गेलेल्या त्या स्कूटरचा मी सरळ अर्थ लावला: बाबा रागावले आहेत. पुढची दहा वर्षं मी तोच अर्थ धरून बसले.

मी डावखुरी. आमच्या घरी हे एखाद्या आजारासारखं होतं, वेळेवर औषध दिलं तर बरं होणारं. औषध आई द्यायची. "उजव्या हाताने!" हे तिचं वाक्य मी वरणभाताबरोबर रोज गिळलं आहे. ऐकलं नाही तर उलथन्याचा दांडा डाव्या मनगटावर बसायचा. हळूच, पण बसायचा. शेवटी जेवण उजव्या हातावर आलं, लिहिणं मात्र आलं नाही. एम. पी. नगरच्या कोचिंग क्लासमध्ये उजव्या बाजूला फळी असलेल्या खुर्च्या होत्या. दोन वर्षं मी कंबरेतून वाकडी होऊन त्यांवर गणितं सोडवली. आणि ह्या सगळ्यात बाबा पेपर वाचत असायचे. "राहू दे गं तिला," एवढे चार शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. हा राग माझ्या मनात आधीपासून होताच, स्टेशनचा त्यात मिसळला.

जपानमधलं माझं गाव निगाता भागातलं. हिवाळ्यात दिवसचे दिवस बर्फाखाली असतं. तुम्हा भोपाळच्या मंडळींपैकी जे बाहेर गेलेत त्यांना पहिला हिवाळा सांगायला नको, आणि जे भोपाळातच राहिलेत त्यांना सांगून कळायचा नाही. ऑफिसात मी मान लववून लववून गप्प बसायचे आणि घरी येऊन मोबाइलवर आईचं स्वयंपाकघर बघायचे. शनिवारी गावच्या हॉलमध्ये लाकूड कोरायचा वर्ग चालायचा. सगळ्या साठीपुढच्या बायका, चमचे आणि वाट्या कोरत गप्पा छाटणाऱ्या. मी निव्वळ माणसांचा आवाज ऐकायला जायला लागले.

तिथे माझ्या हातात पहिली किरिदाशी आली. किरिदाशी म्हणजे बोटभर रुंदीची पोलादी पट्टी, टोकाला तिरकी कापून धार लावलेली. मूठ नाही, नक्षी नाही, बघितलं तर भंगारात टाकावी अशी. पण लोहाराने हाताने घडवलेली, मऊ लोखंडावर कडक पोलादाचा पातळ थर बसवलेली. तिला एकाच बाजूने उतार असतो, दुसरी बाजू सपाट. माझ्या हातात ती काही केल्या सरळ चालेना. लाकडात खोल शिरायची आणि आतच पळायची. दोन चमचे फुटले, एक अंगठा फुटला. शिकवणाऱ्या बाई हसल्या आणि मला हाताला धरून मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या लोहाराकडे घेऊन गेल्या.

त्यांनी माझं नाव विचारलं नाही, देश विचारला नाही. पहिला प्रश्न, कुठला हात? "हिदारी," मी म्हणाले, म्हणजे डावा. का कोण जाणे, आवाज खाली गेला, काहीतरी चोरलेलं कबूल केल्यासारखा. त्यांनी नुसतं "हं" केलं आणि वहीत लिहून घेतलं. डाव्या हाताचा चाकू वेगळा घडवावा लागतो, उतार दुसऱ्या बाजूला. महिन्याने तो मिळाला. पहिली ढलपी पातळ, लांब, अखंड निघाली आणि मी त्या सगळ्या बायकांसमोर ढसाढसा रडले. तिशी गाठलेली घोडी! त्यांना वाटलं, पुन्हा अंगठा कापला.

तेव्हापासून मला त्या चाकूंचं वेडच लागलं. आज माझ्याकडे अकरा आहेत, सगळे डाव्या हाताचे, बहुतेक त्याच लोहाराचे. एक बांबूसाठी, एक वाटीच्या आतल्या वळणासाठी, एक पितळी मुठीत मिटणारा, ज्याने मी पेन्सिलीला टोक काढते. पाठीवर भट्टीतली काळपट कातडी आणि हातोडीच्या खुणा तशाच ठेवलेल्या. रविवारी सकाळी दगड पाण्यात भिजवायचा, एकेकाला धार लावायची, पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं. आई फोनवर म्हणते, "लोकांच्या मुली सोनं जमवतात." मी म्हणते, सोन्याने चमचा होत नाही.

दुसऱ्या वर्षी भोपाळला जाताना बाबांसाठी चाकू घ्यायचं ठरवलं. लोहाराने त्यांच्या सवयीने विचारलं, वडिलांचा हात कुठला? "उजवा," मी म्हणाले. डोळ्याची पापणीही न लववता म्हणाले. जेवताना उजवा, सही करताना उजवा, दाढी करताना उजवा, मग आणखी काय असणार! तो चाकू त्यांच्या दुकानातला सगळ्यात देखणा होता. बाबांनी तो दोन्ही हातांत घेतला, नखावर धार पाहिली, "फार चांगलं काम आहे," म्हणाले, आणि पुन्हा डबीत ठेवला. पुढच्या वेळी गेले तर डबी लोखंडी कपाटात, आईच्या शालूखाली. त्याच्या पुढच्या वेळीही तिथेच. पाहुणे आले की बाबा ती काढून दाखवायचे, "मुलीने जपानहून आणला," म्हणायचे आणि परत शालूखाली. त्या चाकूने एक काडीसुद्धा कापली गेली नव्हती. मी डोक्यात राख घालून घेतली. म्हटलं, एवढा राग? मी गेले म्हणून माझ्या हातची वस्तूसुद्धा वापरायची नाही?

ह्या जानेवारीत गेले तेव्हा आईचा गुडघा धरला होता, म्हणून बाबांचा डबा घेऊन मी गोविंदपुऱ्याला गेले. खोटं वाटेल, पण त्या शेडमध्ये मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. लहानपणी "तिकडे करवत चालते, मुलींचं काम नाही," आणि मोठेपणी माझ्या नाकावरचा राग. दारातच लईक चाचा भेटले. आत बाबा पाठमोरे बसून सागाच्या एका ठोकळ्याचं वळण तासत होते. मी बघतच राहिले. चाकू डाव्या हातात होता. हात असा चालत होता की मी आणखी बारा वर्षं शिकले तरी माझा तसा चालणार नाही.

माझं तोंड बघून लईक चाचा हसायला लागले. "को खां," त्यांनी अस्सल भोपाळी ढंगात बाबांना हाक मारली, "बिटिया को बताया ही नहीं? अरे बेटा, पूरे गोविंदपुरा में उल्टे हाथ का ऐसा कारीगर दूसरा नहीं है."

बाबा वळले आणि त्यांनी चाकू पटकन उजव्या हातात घेतला. पासष्टी ओलांडलेला माणूस, स्वतःच्या शेडमध्ये, स्वतःच्या मुलीसमोर. मी जवळ जाऊन तो चाकू मागून घेतला. करवतीच्या तुटक्या पात्यातून घासून केलेला, मुठीला सुतळी गुंडाळलेली. उतार उलट्या बाजूला. माझ्या सगळ्या चाकूंना आहे तिथेच.

"मग मी आणलेला तो..." मी म्हणाले.

"चांगला आहे गं तो. फारच चांगला. पण माझ्या हातात लाकडात शिरतो आणि आतच पळतो."

"सांगितलं का नाहीत?"

"एवढ्या हौसेने आणलास. आणि ते सांगितलं असतं तर मग सगळंच सांगावं लागलं असतं."

घरात भिंतीत खिळा ठोकायचा तरी आमच्याकडे बाहेरून सुतार यायचा. मी मैत्रिणींना सांगून हसायचे की माझे बाबा लाकडाचे कारागीर आणि घरी हातोडी धरत नाहीत. आता कळलं, का धरत नव्हते. मला हसल्याची लाज वाटली आणि त्याहून जास्त लाज त्या "उजवा"ची वाटली. आयुष्यात एका माणसाने मला माझा हात विचारला होता, आणि बाबांच्या वेळी मी त्यांना न विचारताच उत्तर देऊन मोकळी झाले होते.

मग जे दहा वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. लईक चाचा चहा सांगायला बाहेर गेले होते. "बाबा, मी गेले त्याचा तुम्हाला राग आला होता ना? स्टेशनवरसुद्धा आला नाहीत."

त्यांनी डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. "राग कसला? स्टेशनवर आलो असतो तर तुला जाऊ नको म्हणालो असतो. आणि तू ऐकलं असतंस."

मग त्यांनी मला कॉम्प्युटरसाठी केलेली जागा दाखवली. त्यांच्या बाकाला लागूनच, डाव्या अंगाला. वर जुन्या पॅटर्नचा ढीग साठला होता. "डाव्या हाताला ठेवली, म्हणजे माझं कोपर तुला लागणार नाही," ते म्हणाले. "उजव्या हाताने काम करणारा तिथे बसला की सारखी टक्कर होते. लईक कधी बसत नाही."

संध्याकाळी आईला विचारलं, तुला माहीत होतं? "मला काय विचारतेस? लग्नात मंगळसूत्र डाव्या हाताने बांधायला निघाले होते, गुरुजींनी हात धरला." मग मला का मारायचीस, असं विचारल्यावर तिने मेथीची जुडी पुढे ओढली. "ह्यांचा हात लहानपणी घरचे पंच्याने पाठीशी बांधून ठेवायचे. चौथीपर्यंत. मला वाटलं, तुझी सवय माझ्याच हातून सुटलेली बरी. दुसऱ्या कुणी बांधायला नको." आणि मग, भाजीकडे बघतच, "फार लागायचं का गं?"

नाही म्हणाले. लागायचं, पण नाही म्हणाले.

सुट्टीचे नऊ दिवस उरले होते. मी तो ढीग उचलून बाजूला ठेवला आणि रोज सकाळी बाबांच्या डाव्या अंगाला जाऊन बसले. ते पॅटर्न तासायचे, मी चमचे. माझी एक किरिदाशी बॅगेत होतीच, ती त्यांना दिली. त्यांनी पहिली ढलपी काढली आणि उजेडात धरून बघितली. "ह्या लोहाराला कळतं," एवढंच म्हणाले. त्या नऊ दिवसांत आम्ही फार बोललो असं नाही. एकदाही कोपराला कोपर लागलं नाही. दहाव्या दिवशी ते स्टेशनवर आले, जाऊ नको म्हणाले नाहीत, आणि मीही राहते म्हणाले नाही. दोघांनाही म्हणायचं होतं.

मी परत येणार का, असं तुम्ही सगळे विचारता. माहीत नाही. इथे माझी नोकरी आहे, शनिवारच्या बायका आहेत, बर्फ उपसायची सवय झाली आहे. बाबा पासपोर्ट काढायला तयार नाहीत. पण पूर्वी घर म्हटलं की मला नेहरू नगरचं फाटक आणि वळून गेलेली स्कूटर दिसायची. आता गोविंदपुऱ्यातल्या बाकाची दोन हात जागा दिसते, आणि ती आठवली की इथल्या शांत खोलीत माझा जीव नुसता तुटतो. एवढी वर्षं ती जागा माझ्यासाठी राखलेली होती आणि मी ती बघायलासुद्धा गेले नाही.

रविवारी माझी दुपार असते तेव्हा तिकडे सकाळ असते. हल्ली बाबा बाल्कनीत पेपर पसरून घरीच लाकूड घेऊन बसतात, डाव्या हातात चाकू घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे. आई भुशाच्या नावाने ओरडते आणि चहा आणून देते. आम्ही व्हिडिओ कॉल लावतो. ते त्यांचा फोन डाव्या बाजूला ठेवतात, मी माझा उजव्या बाजूला, शेडमधल्या बाकावर बसायचो तसे. तासभर कुणी बोलत नाही, फक्त दोन चाकूंचा लाकडावरचा आवाज. मध्येच मान वर न करता ते विचारतात, "आहेस ना गं?"

"आहे, बाबा," मी म्हणते.