ताईच्या खोलीचं छप्पर

माझे भावोजी फायबरवाले. लोकांच्या सपाट छपरांवर काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, तिच्यावर घट्ट होण्यासाठी हार्डनर मिसळलेलं रेझिन ओतायचं, रोलरनं दाबून दाबून आतली हवा काढायची आणि वाळल्यावर वरून करड्या रंगाचा थर द्यायचा, हा त्यांचा धंदा. बत्तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. निम्म्या गावाच्या डोक्यावर त्यांच्या हातचं छप्पर होतं, आणि त्यांच्या स्वतःच्या घरी, मागच्या खोलीवर, ठिगळं लावलेला जुना डांबरी कागद. त्या खोलीत ताई झोपायची. "पुढच्या वर्षी करू," हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणून दाखवायचे.

मला हा माणूस आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. मी चौदा वर्षांची असताना ते आमच्या घरी आले आणि ताईला घेऊन गेले. आई आमची लवकर गेली, वेण्या घालणारी, अभ्यास घेणारी, रागावणारी एकटी ताईच होती. ती गेली आणि घरात मी आणि न बोलणारे वडील उरलो. याचं खापर मी भावोजींच्या डोक्यावर फोडलं ते कायमचंच. त्यात त्यांच्या अंगाला तो रेझिनचा वास, गोडसर, डोक्यात जाणारा. ते जेवायला शेजारी बसले की माझ्या ताटातला घास कडू व्हायचा.

गंमत म्हणजे त्यांना स्वतःला तो वास कधी आलाच नाही. धंद्यात पडल्यावर पाचसहा वर्षांत त्यांचं नाक गेलं. दूध नासलेलं कळायचं नाही, भाजी करपलेली कळायची नाही. एकदा गॅस चालू राहिला आणि हे शेजारच्या खुर्चीवर बसून निवांत पेपर वाचत होते. "भावोजी, तुमचं नाक नुसतं चष्मा टेकवायला आहे," असं मी तोंडावर म्हणायचे. ते हसायचे. या माणसाला राग म्हणून येतच नसे, आणि तेही मला आवडत नसे.

मग ताईच त्यांचं नाक झाली. काम संपलं की गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, वास कधी जाणार, आम्ही घरात राहायला कधी येऊ? भावोजींना काय कप्पाळ कळणार! ते ताईला स्कूटरवर मागे बसवून घेऊन जायचे. ताई सगळ्या खिडक्या लावायला सांगायची, डोळे मिटून खोलीच्या मधोमध उभी राहायची आणि मग निकाल द्यायची. घरात तान्हं मूल असेल किंवा कुणी आजारी असेल तर एक दिवस जास्तीचा. तिच्या शब्दापुढं कुणी जात नसे. लोक तिला वासवाल्या बाई म्हणत, आणि ताईला त्याचा भारी अभिमान. "यांचा नुसता हात आहे," ती म्हणायची, "निम्मा धंदा माझ्या नाकावर चालतो."

आणि मग तिचीच फुप्फुसं गेली. कशानं गेली ते डॉक्टरांनी नक्की सांगितलं नाही. मी मात्र मनातल्या मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं. खाटेशेजारी प्राणवायूचं मशीन आलं, नाकाला नळी आली, आणि डॉक्टरांनी आम्हाला दारापाशी बोलावून हळू आवाजात सांगितलं, "दोन-तीन महिने. ओल आणि धूर, दोन्हींपासून जपा." ओल तर तिच्या उशाशीच होती. छताच्या कोपऱ्यातून पाणी झिरपून भिंतीवर हातभर डाग उमटला होता. आता पुढच्या वर्षी म्हणायची सोय राहिली नव्हती.

मी भावोजींना न विचारता छपरांवर रबर टाकणाऱ्या रबरवाल्याला बोलावलं. तरुण, चटपटीत माणूस होता. त्यानं खिशातून काळ्या रबराचा तुकडा काढला आणि ताणून दाखवला. "अख्ख्या छपराला एकच चादर, बाई. मध्ये सांधा नाही. खाली पाण्याचा गोंद, वास जवळजवळ नाहीच. पेशंट खाली झोपून राहिल्या तरी चालतील. सकाळी सुरू केलं की संध्याकाळी मोकळे." भावोजी शाळेतल्या पोरासारखे हात मागे बांधून ऐकत होते. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, छपरातल्या पाइपाभोवती काय करता आणि कडेला चादर उचलली जात नाही का. उत्तरं ऐकून मान हलवली. आता हे त्या बिचाऱ्याला धुऊन काढणार, अशी माझी खात्री होती. जन्मभर ते रबराला 'सायकलची ट्यूब' म्हणत आले होते.

तो गेल्यावर ते म्हणाले, "रबरच टाकू."

"काय?"

"फायबर टणक. वर नाचलं तरी काही होत नाही, पाइपाभोवती हवं तसं बसवता येतं. पण सात-आठ दिवस घरात वास कोंडणार. हिला त्यात कसं ठेवू? रबर टाकलं तर हिला हलवायला नको." मग चष्मा पुसत म्हणाले, "चांगलं काम करतो तो मुलगा. मी त्याची छपरं पाहिलीत."

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला त्या माणसाची कीव आली.

पण ताईनं आतून सगळं ऐकलं होतं. बोलताना तिला धाप लागायची, तरी नळी बाजूला करून ती ओरडली, "अहो, माझ्या डोक्यावर ट्यूब नको!"

दोन दिवस घरात हाच वाद चालला. मी रबराच्या बाजूनं, भावोजी रबराच्या बाजूनं, आणि जिला वास सोसणार नाही ती एकटी फायबरच्या बाजूनं. तिसऱ्या दिवशी भावोजी औषधं आणायला गेले तेव्हा तिनं मला जवळ बसवलं. "धाकटे, तुला कळत कसं नाही? हे दिवसभर या खुर्चीत बसून माझ्याकडं बघत असतात. माझा श्वास मोजतात. मी डोळे मिटले की यांचा जीव खालीवर होतो. रबरवाला आला तर हे आणखी एक दिवस बसून राहतील. यांच्या हातात रोलर दे. माझं काय व्हायचं ते होईल, पण हा माणूस असा बसून संपायला नको. आणि मला यांच्या हातचं छप्पर हवंय. एक रात्र झोपले त्याच्याखाली तरी बास. देवाघरी जायचं ते तिथूनच जाईन."

"आणि तोवर तू कुठं राहणार?"

"तुझ्याकडं. आणखी कुठं?"

मी लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच की मलाच कसंसं झालं. माझं घर चार गल्ल्या पलीकडे, दोन खोल्यांचं. मी कपडे शिवते. नवरा सोडून गेल्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून त्या घरात शिलाई मशीनखेरीज कुणाचा आवाज नाही.

शनिवारी ताई प्राणवायूच्या मशीनसकट माझ्याकडे आली. भावोजींनी रविवारी जुना कागद उपटला, कुजलेल्या फळ्या बदलल्या, बुधवारी रेझिन ओतलं, गुरुवारी वरचा थर दिला. रोज संध्याकाळी ते अंघोळ करून, कपडे बदलून यायचे आणि तरीही दारापाशीच बसायचे, अंगाला वास असेल तर तिला त्रास नको म्हणून. ती पलंगावरून विचारायची, "हार्डनर किती घातलंत?"

"नेहमीएवढं."

"गारठा आहे. थोडं जास्त घालायचं होतं."

"घातलं थोडं."

"मग नेहमीएवढं कशाला म्हणता?"

असं तासभर चालायचं. बुडबुडे राहिले का, कोपऱ्यात चटई दुहेरी घेतली का, पाइपाचं काय केलं. भावोजींचे हात पुन्हा चिकट झाले होते, नखं काळी झाली होती, आणि महिनाभर पडलेला चेहरा उजळला होता. मी मशीनवर मान खाली घालून शिवत बसायचे आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. या वयात या दोघांना बोलायला रेझिन पुरतं!

ते गेले की मात्र ताई माझी असायची. आम्ही एकाच पलंगावर झोपत होतो. ती लहानपणीच्या गोष्टी काढायची, कुठल्या बाईंनी मला उभं केलं होतं, मी कुणाचं दप्तर विहिरीत टाकलं होतं. हसली की तिला खोकला यायचा, तरी हसायची. मी एका हातानं तिची पाठ चोळायचे आणि मला वाटायचं, हे असंच राहू दे.

सोमवारी भावोजी म्हणाले, "धाकटे, आता तू चल. तुझं आणि हिचं नाक एकाच आईचं. मला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही."

मी गेले. ताईनं शिकवल्याप्रमाणे खिडक्या लावल्या, डोळे मिटले. वास होता, पुसटसा. मी तसं सांगितलं. खोली मात्र सुरेख झाली होती. भिंतीवर नवा रंग, कोपरा कोरडा ठणठणीत. ताईची खाट त्यांनी खिडकीकडे तोंड करून लावली होती.

मंगळवारी पुन्हा गेले. खिडक्या लावल्या, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. रंगाचा नाही, रेझिनचा नाही, कसलाच वास नव्हता. भावोजी उंबऱ्याबाहेर उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसलं की आज संध्याकाळी हे तिला घेऊन जाणार आणि माझा पलंग पुन्हा अर्धा रिकामा होणार. डॉक्टर दोन-तीन महिने म्हणाले होते. त्यातले दोन दिवस माझे झाले तर कुणाचं काय बिघडणार होतं?

"अजून आहे थोडा," मी म्हणाले.

बुधवारीही तेच सांगितलं. "किंचित. पण तिची छाती बघता एक दिवस जास्तीचा धरा." त्यांनी लगेच मान डोलावली. "बरोबर. घाई नको."

गुरुवारी सकाळी मी चहा घेऊन आले तेव्हा ताई गेली होती. मशीन चालू होतं, नळी नाकाला होती, आणि ती माझ्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी कप खाली ठेवला आणि तिच्या पायाशी बसून राहिले. भावोजींना फोन केला तो चहा पार गार झाल्यावर.

भेटायला लोक आले. रबरवालाही आला, वर चढून छप्पर पाहून आला आणि भावोजींचा हात हातात धरून राहिला. जो येईल त्याला भावोजी सांगत होते, "हिनं आपलं माणूस म्हणून शेवटपर्यंत केलं. मी घाईघाईनं नेणार होतो. धाकटीनं थांबवलं. वासात नेलं असतं आणि काही झालं असतं, तर मी स्वतःला माफ केलं नसतं." लोक माझ्याकडे आदरानं बघायचे. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत जायचे.

चार महिने मी हे गिळलं. मग एके दुपारी त्यांनी मला घरी बोलावलं. आठवडाभर पाऊस झोडपत होता, त्या दिवशी कुठं उघडलं होतं, आणि त्यांना मला कोपरा दाखवायचा होता. "बघ, टिपूस नाही." ते आता त्याच खोलीत झोपत होते, खाली सतरंजी टाकून. खाट तशीच होती, चादर न मोडलेली. ते पुन्हा म्हणाले, "धाकटे, तुझे उपकार आहेत," आणि माझ्याच्यानं आणखी ऐकवेना.

"वास नव्हता," मी म्हणाले. "मंगळवारी गेला होता. मी खोटं सांगितलं. मला ती आणखी थोडी हवी होती."

ते उभेच राहिले. मी म्हणाले, "ओरडा ना! एकदा तरी ओरडा माझ्यावर." ते वळले. परसात गेले आणि शिडीवरून छपरावर चढले. मला वर त्यांची पावलं ऐकू येत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. मग तीही थांबली. मी खाटेच्या काठाशी जमिनीवर बसून राहिले. आता हे खाली येतील आणि मला दाराबाहेर काढतील, आणि काढलंच पाहिजे, असं मला वाटत होतं.

ते बऱ्याच वेळानं उतरले. डोळे लाल झाले होते. समोर सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "म्हणजे ते दोन दिवस माझे होते."

"हो."

"मग मला सांग ते."

"काय सांगू?"

"सगळं. काय खाल्लं, काय बोलली. सगळं."

मी सांगितलं. मंगळवारी तिनं अर्धी वाटी भात खाल्ला. दुपारी तिचे केस धुतले, खिडकीत बसून वाळवले. तुमच्या स्कूटरचा आरसा तुटलाय, तो बदलायला सांग म्हणाली. बुधवारी मला मशीनवर बाही लावताना बघत बसली आणि तिरकी लागली म्हणून उसवायला लावली. खरंच तिरकी होती. संध्याकाळी तुम्ही परत गेल्यावर तिनं कपडे पिशवीत भरायला सांगितले, चपला पलंगाशी काढून ठेवायला लावल्या. बाहेर कुठलीही स्कूटर थांबली की मान उचलून विचारायची, "आले का? निघायचं का?"

"तू काय म्हणालीस?"

"उद्या."

भावोजींनी चष्मा काढला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुन्हा सांग. मंगळवारपासून."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.