राब न भाजता

हरसूलजवळच्या पाड्यावर ललिता भाताची शेती करते. रोप टाकण्याआधी तिकडे वाफ्यावर फांद्या, पालापाचोळा आणि शेण पसरून पेटवतात. त्याला राब भाजणं म्हणतात. या धुरातून कार्बन हवेत जातो आणि फांद्यांपायी झाडं बोडकी होतात, असं कृषी सहायक बाईंनी समजावलं. ललिताला ते पटलं, पण तिने विचारलं, "भात कमी आला तर?"

"अर्ध्या रानापुरतं करून बघा," बाई म्हणाल्या.

अर्धं रोप तिने राब न भाजता, नुसत्या शेणखत घातलेल्या वाफ्यावर टाकलं. पंधरा दिवसांत तिथे रोपापेक्षा तणच उंच झालं. नवरा दत्तू म्हणाला, "भाजल्याबिगर भात होत नाय, सांगितलं होतं मी."

"तण हातानं निघतं," ती म्हणाली आणि आठ दिवस वाकून तिने ते उपटलं.

दोन्ही वाफ्यांतली रोपं तिने रानाच्या दोन बाजूंना लावली आणि झोडणीनंतर दोन्हीकडची पोती वेगळी ठेवली. भाजलेल्या बाजूची नऊ भरली, न भाजलेल्या बाजूची साडेनऊ. दत्तूने पोती पुन्हा मोजली.

"पण तण लय काढावं लागलं," तो म्हणाला.

"पुढल्या साली सगळंच रान असं करायचं," ललिता म्हणाली. "तण दोघं मिळून काढू."