ट्रेमधलं पिस्तूल

माझा मामा पोलादपूरजवळ कापडे गावात भातशेती करतो आणि गावच्या जत्रेतल्या नाटकात दरवर्षी फौजदार होतो. त्यासाठी त्याने सागाच्या लाकडाचं पिस्तूल स्वतः तासून केलं होतं. काळा रंग, पुढे लोखंडी नळीचा तुकडा, मुठीला चामड्याची पट्टी. हातात घेईपर्यंत ते खोटं वाटत नसे. जत्रेला आलेल्या नातीने ते मागितलं आणि बंगळूरला येईन तेव्हा आणीन, असं त्याने कबूल केलं.

मामी गेल्यापासून तिथे राहणारी त्याची मुलगी बोलावत होतीच. भाताची लावणी उरकल्यावर तो निघाला. विमानात कधी बसला नव्हता, हिंदी कळायची पण बोलताना अडखळायचा, म्हणून सोबत मी. मी महाडला शाळेत शिकवते. तो पोलादपूरहून एसटीत बसून आला, मी महाडला चढले. दासगावजवळ सावित्री नदीचं पाणी काठाला टेकलेलं होतं. तो ते मान वळवून दिसेनासं होईपर्यंत बघत राहिला.

विमानतळावर मोठी बॅग काउंटरवर दिली. कापडी पिशवी मात्र त्याने सोडली नाही. आत काय आहे विचारलं तर पोरीचा खाऊ आहे म्हणाला.

तपासणीच्या रांगेत तो माझ्या पुढे होता. लोक पट्टे, घड्याळं, लॅपटॉप काढून ट्रेमध्ये ठेवत होते. त्याने ते नीट पाहिलं आणि आपणही वस्तू दाखवायला हवी असं त्याला वाटलं असावं. पिशवीतल्या पंच्याची गाठ सोडून त्याने आत गुंडाळलेलं पिस्तूल बाहेर काढलं.

माझ्या मागच्या बाईने किंचाळून "गन" म्हटलं.

मग सगळंच कोसळलं. रांगेचे खांब आडवे झाले, ट्रे जमिनीवर आदळले, माणसं एकमेकांवरून पळाली, काही जागच्या जागी पालथी पडली. कुठेतरी लहान मूल रडू लागलं. काय झालं ते विचारायला मामा माझ्याकडे वळला आणि त्याच्याबरोबर पिस्तूलही वळलं. त्याच्या खांद्यापलीकडे एका जवानाने बंदूक रोखलेली मला दिसली. तो हिंदीत ओरडत होता, पण त्या गोंधळात मामाला त्यातलं काहीच उमगत नव्हतं.

"मामा, माझ्याकडं बघ," मी म्हटलं. "ते खाली टाक."

"मोडंल गो," तो म्हणाला आणि हळूच ठेवायला वाकू लागला.

जवान एक पाऊल पुढे आला. मी ओरडले, "टाक मामा. हात वर कर."

त्याने हात उघडला. पिस्तूल पडलं, नळी सुटून घरंगळत गेली. लाकडाचा आवाज झाला, पण बंदूक खाली आली नाही. मामाचे हात पाठीमागे धरून त्याला भिंतीशी नेईपर्यंत ती तशीच होती.

आम्हाला एका खोलीत बसवलं. मी नाटकाबद्दल सांगितलं, फोनमधला फोटो दाखवला. त्यात मामा खाकी वर्दीत, कमरेला तेच पिस्तूल. अधिकारी बाई मराठीच होत्या. फोटो बघून त्यांचा चेहरा आणखी कठीण झाला. वर्दीसुद्धा आहे का, ती कुठे आहे, असं विचारू लागल्या. मी फोनमध्ये आणखी शोधू लागले. शेवटी नाटकाचा व्हिडिओ सापडला. फौजदार वाक्य विसरलेला आणि समोरचं सगळं गाव त्याला ते ओरडून सांगतंय. त्यांनी तो पूर्ण पाहिला, हसल्या नाहीत.

खेळण्यातलं असो की लाकडाचं, शस्त्रासारखं दिसणारं काहीही हातातल्या सामानात चालत नाही, असं त्यांनी समजावलं. मामा चाचरत म्हणाला, लाकूड हाय, कोणाला काय करणार होतं.

"काका," त्या म्हणाल्या, "ते लाकूड आहे हे आमच्या माणसाला कळेपर्यंत तुम्ही उरला नसता."

मामाने पंचा घडी करून पिशवीत ठेवला.

जबाब लिहून घेतले, पिस्तूल ठेवून घेतलं, ताकीद देऊन सोडलं. आमचं विमान गेलं होतं. संध्याकाळच्या विमानात जागा मिळाली. पुन्हा तपासणी झाली तेव्हा मामाने पिशवी माझ्याकडे दिली आणि स्वतः रिकाम्या हातांनी आत गेला.

आत खुर्च्यांवर सकाळी किंचाळलेली बाई बसली होती, तिचंही विमान चुकलं असावं. मांडीवर लहान मुलगी, तिचा ओठ सुजलेला, फ्रॉकवर रक्ताचे डाग. धावपळीत पडली असावी. मामा थबकला. मला म्हणाला, "तिला इचार, लय लागलंय काय."

मी हिंदीत विचारलं. बाईने आधी मामाला ओळखलं आणि मुलीला छातीशी धरलं. दात शाबूत आहेत, एवढंच म्हणाली. मी झालेली हकीकत सांगितली, तेव्हाही ती माझ्याकडे न बघता मामाकडेच बघत होती.

"वरडली त्यात तिचं काय चुकलं नाय," मामा हलक्या आवाजात म्हणाला. "मी पण घाबरलो असतो."

मी ते तिला सांगितलं. काही वेळाने तिने शेजारच्या खुर्चीवरची बॅग उचलून खाली ठेवली. मी बसले. मामा मात्र बसला नाही. थोडा लांबच उभा राहिला, दोन्ही हात तिला दिसतील असे पुढे धरून.