माणसाच्या चालीने घाट

रस्ते खात्यात मी रोलरबरोबर पायी चालायचो. हातात लाकडी ठोकळा. चढावर रोलर थांबला की चाकामागे ठोकळा सारायचा, निघाला की उचलायचा. काम एवढंच, पण भिजलेला ठोकळा संध्याकाळपर्यंत खांदा उतरवतो. वर बसायचा तो ड्रायव्हर. त्याला सगळे ‘एक्सप्रेस’ म्हणायचे, कारण तो माझ्यापुढे कधी गेला नाही.

एक्सप्रेसचं घर म्हणजे वर्कशॉपमागची एक खोली. आई, बायको, तीन पोरं, धाकटा भाऊ, भावजय. त्याचं अंथरूण दाराला लागून. कुणाला बाहेर जायचं तर आधी त्याने उठायचं. सासू-सुनेचं वाजलं की दोघी त्याच्याच तोंडाकडे बघायच्या. बाहेर कामावर तरी काय? गल्लीत पुढे-मागे, पुढे-मागे. एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्याला कचराकुंडी.

वर्षातून एकदा रोलर डोंगरापलीकडच्या कामावर न्यायचा असे. तेवढाच तो सुटायचा.

मी पायी होतो, म्हणून सांगू शकतो. त्या चालीने डोंगर पुरता दिसतो. एकच दरी प्रत्येक वळणावर थोडी खाली गेलेली असते. ऊन एका गालावरून दुसऱ्या गालावर येतं. घाटात मोजकी घरं. पहिल्या घरातली बाई चालत्या रोलरवर चहाचा ग्लास द्यायची, रिकामा ग्लास वळणावरच्या तिच्या बहिणीकडे ठेवायचा. पोरीचं लग्न जमलं का, गुडघा कसा आहे, सगळं विचारून व्हायचं तरी कुंपण संपलेलं नसायचं. घरी तोंड मिटून असणारा हा माणूस घाटात गात असे. वाईट गायचा. इंजिनापुढे चालून जायचं.

मग नवे साहेब आले आणि रोलर ट्रेलरवर लादून न्यायचं निघालं.

“साहेब, घाटात ट्रेलर वळायचा नाही,” एक्सप्रेस म्हणाला.

“वळतो. मी स्वतः बघून आलोय.”

“रोलर जातोय की आपल्या पायांनी.”

“जातो, पण जेवणं उरकल्यावर पोचतो.” साहेब हसले. “बरं, असं करू. सोमवारी सकाळी डांबर तापायच्या आत रोलर तिकडे दिसला, तर ट्रेलर नको. नाही दिसला, तर येताना ट्रेलरवर. पुढेही तसंच.”

आम्ही निघालो. एक्सप्रेस गायला नाही. चहाही नको म्हणाला. बाई म्हणाली, “आज कुठे आग लागलीय?”

रविवारी दुपारी खिंडीजवळ आलो. आता वेळेत पोचणार हे नक्की होतं. तिथे रस्त्याची कड ढासळली होती. कुणीतरी भराव घालून वर खडी पसरून गेलं होतं. दाबलेली नव्हती. डोंगराच्या अंगाने जायला जागा होती. रोलर पुढे गेलाही. मग थांबला. मी ठोकळा लावला.

“काय झालं?”

“मोकळी खडी आहे रे.”

“असू दे. आपलं काम नाही ते.”

“मग कुणाचं?”

“ज्याने पसरली त्याचं! एक्सप्रेस, उद्या सोमवार आहे.”

“दोन फेऱ्या मारतो फक्त.”

रोलरवाल्याच्या दोन फेऱ्या मला ठाऊक होत्या. लोंबता दोरा शिंप्याला बघवत नाही, तसं यांचं. चाकाखाली खडी सरकलेली कळली की माणूस संपला. भरावावर तो बोट-बोट पुढे सरकत होता. मी ओढ्यातून डबे भरभरून पाणी आणत होतो, चढ असा की अर्धं पाणी विजारीवर. खडी बसली तेव्हा सूर्य गेला होता. त्याने उतरून टाच मारून बघितली. खूण उमटली नाही.

“आता चल,” तो म्हणाला. अंधारात घाट उतरता येत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

रात्र खिंडीतच काढली. सोमवारी दुपारी पोचलो. डांबर पसरून निवलं होतं. साहेब रागावले नाहीत. त्याचंच वाईट वाटलं.

परतीला रोलर साखळ्यांनी बांधला. माझा ठोकळा चाकाखाली खिळे मारून पक्का केला.

“मी वरच बसतो, रोलरवर,” एक्सप्रेस म्हणाला.

ट्रेलरवाला तरुण होता. “काका, माल आहे तो. मालावर माणूस बसत नाही.”

आम्ही केबिनमध्ये. मी खिडकीशी, एक्सप्रेस मध्ये, गिअरला लागू नयेत म्हणून गुडघे आवळून. काच खाली होत नव्हती. दरी आली आणि गेली. दुसऱ्याच वळणावर त्याला मळमळायला लागलं. जन्मभर घाट ओलांडलेला माणूस पिशवीत तोंड घालून बसला.

खिंड आली तसं त्याने डोकं वर केलं. “इथे जरा हळू घे.”

“का? रस्ता तर पक्का आहे.” ट्रेलर त्या जागेवरून गेला. केबिनमध्ये हादरासुद्धा जाणवला नाही.

एक्सप्रेसने माझ्याकडे बघितलं. मी काचेकडे बघत राहिलो.

“हो,” तो म्हणाला. “पक्का आहे.”

“मग? काळजी सोडा, काका,” ट्रेलरवाल्याने वेग वाढवला. “दिवे लागायच्या आत घरी सोडतो तुम्हाला.”